विसरलेली पेंढी

नव्या वर्षाचा दिवस आहे. यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात एडक्याचं शिंग फुंकलं जातंय. ते शिंग त्या दिवशी ऐकणं हे प्रत्येक यहुदी माणसाचं कर्तव्य. मागच्या गल्लीतून एक जण आपल्या कामाला चाललाय आणि तो आवाज त्याच्याही कानावर पडतो. त्याचं कर्तव्य झालं की राहिलं?

प्रश्न जुना आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला संकलित झालेल्या मिश्ना या धर्मशास्त्राच्या ग्रंथात तो येतो. कोल्हापुरातल्या आमच्या घरी तो वहिनीनं आबांपुढं टाकला. आबा म्हणजे माझे वडील. हायस्कूलमध्ये जन्मभर मराठी शिकवलं, आणि अजूनही पेठेतल्या विठ्ठल मंदिरात एकादशीला कीर्तनाला उभे राहतात. वहिनी मूळची अलिबागची, कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात वकिली करते. तिचं माहेर इस्रायल आळीच्या जवळ. त्यामुळे बेने इस्राएल या यहुदी समाजाचे सण, मलिदा, शनिवारची बंद दारं हे सगळं तिनं लहानपणी शेजारात पाहिलेलं. पुढं कायदा शिकताना यहुदी धर्मशास्त्र मुद्दाम वाचलं. आबांनी तिच्याच कपाटातली पुस्तकं वाचून काढली आणि तिच्याशीच भांडायला सुरुवात केली. त्या भांडणात मला जे मोलाचं वाटलं ते इथं लिहितो आहे. मधेमधे माझंही मत येईल.

आबा : यात विचारायचं काय? त्याचं मन त्या शिंगाकडं लागलं असेल तर झालं. नुसता कानावर आवाज पडला असेल तर त्याला काय अर्थ? महाद्वार रोडवर बांगड्यांची घासाघीस करणाऱ्या माणसाच्या कानावर अंबाबाईच्या आरतीची घंटा पडते. त्याला काय आरतीला उभा होता म्हणायचं?

वहिनी : मिश्नाही तेच सांगते. मन लावलं असेल तर कर्तव्य पार पडलं, नसेल तर नाही. या मन लावण्याला ते कव्वाना म्हणतात. पण आबा, पुढचं ऐका. त्याच मिश्नावरच्या चर्चेत, तालमुदात, दुसरा माणूस येतो. वल्हांडण या सणाच्या रात्री बेखमीर भाकरी खायची असते. या माणसाला ती खायची नाहीये. पर्शियन लोकांनी पकडून जबरदस्तीनं त्याच्या तोंडात कोंबली. त्याचं काय?

आबा : काही नाही झालं. बळजबरीनं धर्म होत नाही.

वहिनी : झालं म्हणतात. भाकरी पोटात गेली, कर्तव्य पार पडलं. चौथ्या शतकातला बाबिलोनचा पंडित रावा यावरून म्हणतो की शिंगाचंही तसंच. आज्ञा पाळायला हेतू लागत नाही, कृती घडली की पुरे.

आबा : मग धर्म आणि यंत्र यांत फरक काय राहिला?

हा वाद तालमुदात मिटलेला नाही. एका बाजूचे म्हणतात, आज्ञा पाळताना आपण आज्ञा पाळतो आहोत हे मनात हवं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, नसलं तरी चालतं. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुलहान आरुख’ ही संहिता लिहिली. तिच्यात हेतू हवा असा निर्णय दिला, आणि बळजबरीनं खाल्लेल्या भाकरीला मात्र मान्यता कायम ठेवली. खाण्याचा लाभ शरीराला होतोच, मन कुठंही असलं तरी, असं त्याचं समर्थन टीकाकार करतात. मला या तडजोडीत मोठा समंजसपणा दिसतो. माणूस नुसतं मन नाही, हे त्यांनी विसरू दिलेलं नाही.

आबा : आपल्याकडं संकल्प सोडतात तो कशासाठी? हातात पाणी घ्यायचं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक कारणासाठी मी हे करतो आहे असं म्हणायचं, मग पूजा. मन आधी जागेवर आणायचं.

वहिनी : त्यांच्यातही तसं आलं. सफेद गावच्या इझाक लुरियांच्या परंपरेतून, सोळाव्या शतकानंतर. प्रत्येक आज्ञेआधी एक वाक्य म्हणायचं, की हे मी ईश्वराच्या एकत्वासाठी करतो. आणि अठराव्या शतकात प्रागचे मोठे धर्मगुरू येहेझ्केल लांडाऊ त्यावर भडकले. आधीच्या पिढ्यांनी हे वाक्य न म्हणता धर्म पाळला तो काय कमी होता, असा त्यांचा सवाल. संकल्पही तोंडपाठ होतो, आबा. हेतू सांगणारं वाक्यच हेतूशिवाय म्हटलं जातं.

आबा गप्प राहिले, पण हरले नव्हते. त्यांनी पंचगंगेचा घाट काढला. कोल्हापुरात हेतू आणि विधी यांचा विषय निघाला की त्या घाटापर्यंत जावंच लागतं. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पहाटेच्या स्नानाला गेले होते. बरोबर राजारामशास्त्री भागवत होते. पुरोहित म्हणत होता ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत हे शास्त्रीबुवांच्या ध्यानात आलं. विचारल्यावर कळलं की पुरोहितानं स्वतः अंघोळही केलेली नाही, कारण पुराणोक्ताला तिची गरज नाही.

आबा : बघ पोरी. नदी तीच, वेळ तीच, मंत्र म्हटले गेले, स्नान झालं. रावाच्या हिशेबानं सगळं ठीक. पण त्या माणसाच्या मनात काय होतं? तुच्छता. समोरच्या राजाला तो शूद्र समजत होता. हेतूनं विधी नासला.

वहिनी : आणि महाराजांनी काय केलं? पुरोहितांचं मन बदलायची वाट बघितली? वेदोक्त नाकारणाऱ्या राजोपाध्यांचं वतन जप्त केलं. २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. उच्चवर्णीयांच्या मनात समता उगवेपर्यंत थांबले असते तर अजून थांबलो असतो आपण.

मला वाटतं, या टप्प्यावर दोघंही खरं बोलत होते आणि एकमेकांचं ऐकत नव्हते. दोघांना एका जागी आणलं ते बेने इस्राएलांच्या गोष्टीनं.

ती गोष्ट महाराष्ट्राची आहे, आणि तरी आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेली सात जोडपी कोकणात राहिली. ग्रंथ बुडाले. पुढच्या शेकडो वर्षांत हिब्रू भाषा गेली, प्रार्थना गेल्या. गावोगाव तेलाचा घाणा चालवणारे हे लोक मराठी बोलू लागले, गावावरून किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर झाले. उरलं काय? मुलांची आठव्या दिवशी सुंता. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आणि ‘शेमा’, ईश्वर एक आहे असं सांगणारं एक हिब्रू वाक्य. त्याचा शब्दशः अर्थ लागत नव्हता. तरी सुंतेला, लग्नाला, मयताला, प्रत्येक प्रसंगी तेच म्हणत.

आबा : हेच तर मी म्हणतो! ग्रंथ नाही, अर्थ नाही, पुरोहित नाही. निव्वळ भाव. शब्द कळत नसताना पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द जपला. याहून मोठी कव्वाना कुठली?

वहिनी : मला नेमकं उलटं दिसतं. घाणा बंद ठेवला म्हणून ते टिकले. शनिवारी कुणाच्या मनात काय चाललं होतं कोण सांगणार? एखादा नुसता पाठ टेकून झोपला असेल. एखाद्याला उद्याच्या गिऱ्हाइकाची काळजी असेल. पण बैल सोडलेला होता आणि घाणा थांबलेला होता. भाव पिढीगणिक बदलतो. बंद घाणा तसाच राहतो.

आबा : बैल कुणी सोडला? हातानं? हाताला कुणी सांगितलं?

वहिनी : आईबापांनी. त्यांना त्यांच्या आईबापांनी.

आबा : मग त्याला नाव काय देशील? मी श्रद्धा म्हणतो.

यहुदी शास्त्रात एक गोष्ट या वादाला फार जवळ येते. बाकीच्या आज्ञांना हेतू लागतो की नाही यावर मतभेद असतील, पण शेमाच्या पहिल्या ओळीला मन लावलंच पाहिजे, नाहीतर ती म्हटली असं धरत नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत आहे. जी एक ओळ मन लावल्याशिवाय मोजत नाहीत, नेमकी तीच कोकणातल्या तेल्यांच्या हाती उरली. मी कितीही वेळा हे मनात घोळवलं तरी त्याचं नवल ओसरत नाही.

पुढं दावीद रहाबी नावाचा गृहस्थ आला. तो कधी आला, कुठून आला, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण लोककथा एकच आहे. हे खरंच यहुदी का, हे पारखायला त्यानं बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आमच्यात खात नाहीत म्हणाल्या. बायबलमधल्या ‘लेवीय’ ग्रंथातला नियम त्यांनी वाचलेला नव्हता. तो त्यांच्या हातांना माहीत होता.

वहिनी : त्यानं त्यांना तुमचा देवावर विश्वास आहे का, असं विचारलं नाही, आबा. मासे दिले.

आबा : आणि १९६० च्या आसपास इस्राएलमधल्या धर्मगुरूंनी काय केलं ते सांग की.

ते मात्र सांगायला हवं. स्वतंत्र इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांना तिथल्या काही धर्मगुरूंनी आडकाठी केली. कारण असं की घटस्फोटाचे आणि निपुत्रिक भावजयीच्या मुक्ततेचे शास्त्रोक्त विधी या लोकांना शेकडो वर्षं ठाऊकच नव्हते. मग त्यांच्या वंशात कुणाचं लग्न शास्त्राप्रमाणे मोडलेलं नव्हतं हे कसं सांगावं? १९६२ साली वंशाची चौकशी करायच्या सूचना निघाल्या. बेने इस्राएलांनी जेरुसलेमला धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्व अर्थांनी यहुदीच आहेत असा ठराव केला.

आबा : झालं ना? नुसत्या कृतीवर माणूस मोजला की हे होतं. ज्यांनी अंधारात एक दिवा जपला त्यांना विचारलं, कागद दाखवा.

वहिनी : इथं मी तुमच्या बाजूची. पण ठराव तरी कशाच्या जोरावर झाला? ते शनिवारचा शब्बाथ पाळत होते, सुंता करत होते, म्हणूनच ना?

वहिनीचं सगळ्यात पटणारं बोलणं मलिद्यावरचं. मलिदा हा बेने इस्राएलांचा खास विधी, एलियाहू हन्नाबी म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या नावानं केलेला. नवस फिटला, लग्न ठरलं, नव्या घरात राहायला गेलं की मलिदा. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात आणि तिथं नवस फेडायला लोक अजून जातात.

वहिनी : शेजारच्या आजींच्या घरी मोठं ताट मांडलेलं असायचं. भिजवलेले पोहे, ओल्या नारळाचा चव, साखर, वेलदोडा. भोवती फळं. आम्ही पोरं केळ्यावर टपलेली. तर त्या म्हणायच्या, थांब, आधी कशावर लागतं ते सांग. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीच्या पिकाचा वेगळा. आंबा, चिकू, सफरचंद झाडाचं. केळ्याला जमिनीचा आशीर्वाद, कारण केळीला लाकडी खोड नसतं, घड उतरला की ती जाते. सुवासाचा आशीर्वाद आणखी वेगळा, सब्जाची पानं हुंगून तो म्हणायचा. मला काही ते हिब्रू कळत नव्हतं. पण त्या अंगणात मी पहिल्यांदा केळीच्या बुंध्याकडं नीट बघितलं. नियम नसता तर केळं सरळ तोंडात गेलं असतं. तुम्ही म्हणता मन लावा. कशाला लावू? नियमानं मला मन लावायला जागा दिली.

आबांना हे आवडलं. कीर्तनकाराला असा दाखला मिळाला की तो वाद विसरतो. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला, आणि एकदा कीर्तनात वापरलाही.

बेने इस्राएलांनीही कीर्तन केलेलं आहे, हे इथं सांगायला हवं. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी मराठी कीर्तनाची परंपरा सुरू केली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सगळं आपलंच, आख्यान बायबलमधलं. हिब्रू न कळणाऱ्या समाजाला आपला धर्म कळावा हा त्यामागचा हेतू. आबांच्या मते हीच कव्वाना. शब्द जपून भागत नाही, तो लोकांना आतून उमगायला लागतो.

प्रार्थनेबद्दलचा वाद लवकर आटोपला, कारण तिथं यहुदी शास्त्रानंच दोघांना अर्धं अर्धं दिलंय. बाराव्या शतकातले मायमोनिदीस लिहितात की मन लावल्याशिवाय केलेली प्रार्थना प्रार्थनाच नव्हे. ती पुन्हा करावी. प्रवासातून थकून आलेल्यानं मन निवळेपर्यंत करूच नये. चारशे वर्षांनी क्राकोचे मोशे इस्सेर्लेस म्हणतात, हल्ली कुणी प्रार्थना पुन्हा करत नाही, कारण दुसऱ्यांदा तरी मन लागेल याची खात्री कुठाय?

आबा : हा माणूस खरं बोलला. माझा दर एकादशीचा अनुभव आहे.

वहिनी : आणि तरी त्यांनी प्रार्थना सोडायला सांगितलं नाही. तालमुदात राव या दुसऱ्या पंडिताच्या नावानं सांगितलेलं आहे की आज्ञा निरपेक्ष भावानं पाळता येत नसेल तर स्वार्थानं तरी पाळत राहा. करता करता भाव शुद्ध होतो.

आबांनी यहुदी संत बाल शेम तोव यांच्या परंपरेतली प्रसिद्ध कथा सांगितली. अठराव्या शतकातला पूर्व युरोप, प्रायश्चित्ताचा दिवस. एका अडाणी गुराख्याच्या पोराला प्रार्थना वाचता येत नाही, म्हणून त्यानं भर सभेत शीळ घातली. लोक संतापले. बाल शेम तोव म्हणाले, सगळ्यांच्या अडकलेल्या प्रार्थना या शिळेनं वर नेल्या. आबांचा आवाज भरून आला होता. वहिनीनं उत्तर दिलं ते हळू आवाजात, पण दिलं. त्या पोराचा बाप त्याला दिवसभर आत घेऊन बसला होता, म्हणाली. सगळी सभा उपाशी उभी होती. रानात म्हशीमागं घातलेली शीळ कुणी ऐकली असती?

खरी धार चढली ती माणसामाणसांतल्या व्यवहारावर. तिथं वहिनी वकील झाली.

वहिनी : तालमुदात एक खटला आहे. एकानं जमीनजुमला विकला. मनात होतं की आपण इस्राएलच्या भूमीत राहायला जाणार. पण विकताना ते बोलला नाही. बेत फिसकटला, म्हणाला जमीन परत द्या. रावा म्हणतो, मनातल्या गोष्टी म्हणजे गोष्टीच नव्हेत. समोरच्यानं तुमचे शब्द ऐकून पैसे मोजलेत. आमच्याकडं रोज असे पक्षकार येतात. माझ्या मनात तसं नव्हतं, असं सांगतात. असेल. पण दुसऱ्याचं घर तुमच्या मनावर उभं नाही राहत.

आबा : आणि खून? तिथं तर तुमचा कायदाही मनच बघतो.

वहिनी : बघतो. भारतीय न्याय संहितेत हेतुपुरस्सर खुनाला कलम १०३, हयगयीनं झालेल्या मृत्यूला कलम १०६. शिक्षेत जमीनअस्मानाचं अंतर. बायबलमधल्या ‘गणना’ ग्रंथातही खुनी वेगळा आणि चुकून मारणारा वेगळा. पण चुकून मारणारा सुटत नाही, आबा. त्यानं शरणपुरात जायचं आणि महायाजक मरेपर्यंत तिथंच राहायचं. छपराला लिंपणाचा रूळ फिरवताना तो निसटून खाली कुणावर पडला, तर घर सोडायचं. त्याच्या मनात काहीच नव्हतं. पण एक माणूस गेला ना?

आबा : मग मनाला किंमत ती काय?

वहिनी : फाशी आणि वनवास यांतलं अंतर. ती किंमत थोडी नाही. पण तिनं हिशेब पुरा होत नाही. लेवीयात पापार्पण आहे, तेही अजाणता घडलेल्या पापासाठी. मला माहीत नव्हतं, असं म्हणणाऱ्यालाच ते आणायला सांगितलंय.

आणि मिश्नातलं एक बारीकसं टिपण तिनं सांगितलं. महायाजकांच्या आया शरणपुरातल्या लोकांना अन्नवस्त्र पुरवत, म्हणजे सुटकेच्या ओढीनं त्यांनी आपल्या मुलाच्या मरणाची प्रार्थना करू नये. आबा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, बघ, त्या आया मनाच्या ताकदीला भीत होत्या. वहिनीनं मान हलवली, पण पुस्ती जोडली : आणि त्यावर उपाय त्यांनी ताटाचा केला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आम्ही सगळ्यांनी पाहिला. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. राज्यभरातून मदत आली, आणि काही पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोचे स्टिकर होते. त्यावरून बराच गदारोळ झाला. आबा तेव्हा संतापले होते आणि अजूनही संतापतात.

वहिनी : तांदूळ तोच ना, आबा? स्टिकर लावलेल्या पाकिटातला भात पोरांच्या पोटात गेलाच. मी तेव्हा छावणीत होते. कुणी पाकीट परत केलेलं मी पाहिलं नाही.

आबा : परत केलं नाही, कारण करता येत नव्हतं. हाच अपमान. तुझाच मायमोनिदीस सांगतो, तोंड वाकडं करून हजार मोहरा दिल्या तरी पुण्य गेलं. दानाच्या त्यानं आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची, नाखुशीनं दिलेलं. वरच्या पायऱ्यांवर देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. आणि सगळ्यात वर, माणसाला उसने पैसे, भागी किंवा काम देऊन त्याच्या पायावर उभं करणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. स्टिकरवाला कुठल्या पायरीवर?

वहिनी : पायरीवर आहे ना? खालच्या का होईना. मायमोनिदीस त्याला पायऱ्यांबाहेर काढत नाही.

इथं माझं मत आबांकडं झुकतं. देणाऱ्याचा हेतू ही त्याची खासगी गोष्ट राहत नाही. ती घेणाऱ्याला चेहऱ्यावर दिसते, पाकिटावर छापलेली दिसते, आणि भाताबरोबर तीही गिळावी लागते. उपाशी माणसाला हेतू दिसत नाही असं पोट भरलेल्यांनाच वाटतं. वहिनीनं हे ऐकून घेतलं आणि महाराजांच्या चहाकडं वळली.

गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? शाहू महाराज गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे.

वहिनी : त्या मानकऱ्यांच्या मनात काय असेल, आबा? घशाखाली उतरला असेल का तो चहा? पण प्यायले. वल्हांडणाच्या भाकरीसारखा. आणि दहादा प्यायल्यावर?

आबा : गंगारामांना त्यांची तोंडं दिसतच असतील.

वहिनी : दिसत असणार. पण त्यांना महाराजांचंही तोंड दिसत होतं.

हे आबांना मान्य झालं. जबरदस्तीनं प्यायलेला आणि मनापासून प्यायलेला, दोन्ही चहा त्या एका टपरीवर होते. मला वाटतं, यहुदी शास्त्राला जे म्हणायचंय त्याच्या हे फार जवळ आहे : कृती सगळ्यांकडून आजच मागायची, हेतू ज्याच्याकडं आहे त्यानं आधी पुढं व्हायचं.

यानंतर वहिनीनं जे काढलं, त्यानं दोघांचीही मांडणी उलटी पडते.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात शेतकऱ्याला आज्ञा आहे. कापणी करताना एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला मागं फिरू नकोस. ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. आता ही आज्ञा ठरवून पाळता येईल का? ठरवून ठेवली तर ती विसरलेली पेंढी राहतच नाही. तोसेफ्ता या जुन्या ग्रंथात एका सज्जनाची कथा आहे. शेतात एक पेंढी विसरली म्हणून त्यानं मुलाला सांगून एक बैल होमार्पणाला आणि एक शांत्यर्पणाला देवाला वाहिला. मुलगा विचारतो, बाकी आज्ञांपेक्षा हिचाच एवढा आनंद का? बाप म्हणतो, बाकीच्या आपण जाणून करू शकतो, ही फक्त अजाणता घडते. यावरच अकराव्या शतकातले भाष्यकार राशी लिहितात की एखाद्याचं नाणं रस्त्यात पडलं आणि गरिबाला मिळून त्याचं पोट भरलं, तर त्या पाडणाऱ्यालाही आशीर्वाद लागतो.

आबा : म्हणजे भाव नसताना पुण्य?

वहिनी : तुम्हाला कळलंही नाही, आणि कुणाची तरी चूल पेटली.

आमचं गावाकडं थोडं रान आहे. भुईमूग काढून झाला की मागं राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचायला बायका येतात. उकरलेल्या मातीत बोटं घालून एकेक शेंग काढतात आणि पदरात टाकतात. बायबलमधली रूथही बवाजाच्या शेतात सरवाच वेचत होती. आबांचा एक रिवाज आहे. गावातल्या एका विधवेला ते आधी निरोप धाडतात. तिचा सरवा झाला की मग बाकीच्यांना रानात सोडायचं. तिची परिस्थिती त्यांना माहीत आहे. हे त्यांनी वहिनीला सांगितलं ते काहीशा समाधानानं.

वहिनी : मिश्नाच्या हिशेबानं ही चोरी आहे, आबा.

आबा : काय बोलतीस? दया केली ती चोरी?

वहिनी : एका गरिबाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला अडवलं तर मालक गरिबांना लुबाडतो, असं तिथं म्हटलंय. सरव्यावर, विसरलेल्या पेंढीवर मालकाची मर्जी चालत नाही. कुणी घ्यावं हे तो ठरवत नाही. ज्याला गरज त्यानं यावं आणि उचलावं.

आबा : माझ्या रानात मी कुणाला बोलवायचं हेही मी ठरवायचं नाही?

वहिनी : सरव्यापुरतं नाही.

आबा : मग मन लावून द्यायचं ते कुठं द्यायचं?

वहिनी : त्यासाठी शेताचा कोपरा आहे. कापणीच्या वेळी जाणूनबुजून न कापता राखायचा. मिश्ना म्हणते, साठावा हिस्सा तरी असावा, पुढं शेताच्या आकारावर आणि गरिबांच्या संख्येवर. किती मोठा राखायचा ते तुमच्या हातात. तिथं कव्वाना दाखवा.

आबा : आणि तो कोपरा तरी तिला एकटीला देता येतो का?

वहिनी : नाही. तोही सगळ्यांचा.

आबांनी थोडा विचार केला. म्हणाले, बरं. बांधाकडंच्या चार सऱ्या वाटेकऱ्याला सोडायला सांगतो, आणि निरोप धाडायचा बंद. सगळ्याच बायका एकदम येऊ देत. पण तिच्या घरी दोन पोरं आहेत, आणि गुडघ्यामुळं तिला बाकीच्यांच्या बरोबरीनं वाकता येत नाही. तिच्या वाट्याला काही येणार नाही, त्याचं काय करू सांग.

वहिनी म्हणाली, घरात शेंगांची पोती आहेत ना? ती तुमची आहेत. त्यातलं एक तिच्याकडं पोचवा, रात्री, कुणाच्या नजरेला न येता. रानात पडलेलं मात्र तुमचं नाही.

आबा म्हणाले, रात्री मी गुपचूप पोतं ठेवून आलो तर सकाळी तिला ते कुणाचं हे कळणारच. आपल्या गावात भुईमूग केला आहे किती जणांनी?

त्यावर वहिनीला लगेच उत्तर सुचलं नाही.